फ्रीजच्या दारातले रोल

जुलैत वसईच्या किनाऱ्यावर हवेचं तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, की २५ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमतं. फ्रीजमधून काढलेली बाटली बघता बघता ओली होते ती यामुळेच. फोटोच्या फिल्मलाही हाच नियम लागू पडतो. न वापरलेला रोल बाहेर ठेवला तर तो उष्णतेने आतल्या आत खराब होतो. फ्रीजमध्ये ठेवला तर टिकतो, पण बाहेर काढून घाईने डबी उघडली तर ओल धरतो. कोरी फिल्म थंडीत जपून ठेवायची रीत उष्णता आणि ओल या दोन्हींना तोंड देता देता तयार झाली, आणि दमट किनाऱ्यावर तिच्यावाचून इलाज नव्हता.

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक. प्रकाश पडला की स्फटिकात बदल होतो, रसायनात धुतलं की तो बदल काळ्या चांदीच्या रूपात दिसतो. अडचण अशी, की स्फटिकांना बदलायला प्रकाशच लागतो असं नाही. उष्णतेनेही ते हळूहळू बदलतात. मग प्रकाश न लागताही फिल्मवर राखाडी झाक येते. फोटोवाल्यांच्या बोलीत, रोल फॉग होतो. रंगीत फिल्ममध्ये वेगवेगळ्या रंगांचे तीन थर असतात आणि ते एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत, म्हणून जुन्या रंगीत रोलवरचे चेहरे कधी हिरवट तर कधी जांभळट उमटतात. तापमान उतरलं की या सगळ्या क्रिया मंदावतात. फ्रीज फिल्मवरचा काळ थांबवत नाही, त्याची चाल कमी करतो.

या काळजीची सुरुवात फोटोग्राफीबरोबर झाली नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी आणि जाणकार लोक तिच्यात होते, तेव्हा कोरी फिल्म साठवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळी काचेवर कोलोडियनचा ओला थर द्यायचा, तो वाळण्याआधी कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, असा सगळा दहा-पंधरा मिनिटांचा कारभार असे. उन्हाळ्यात तेवढाही वेळ मिळत नसे. फोटोग्राफर अंधाराचा तंबू सोबत घेऊन हिंडे. डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा या गोव्याच्या विद्वानाने चौल आणि वसईच्या इतिहासावर १८७६ मध्ये मुंबईत इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सतरा छायाचित्रं होती. तोवर काचा अशाच जागेवर तयार केल्या जात. वापरायची फिल्म आणि शिल्लक फिल्म असा भेदच नव्हता, कारण शिल्लक काही राहतच नसे.

तो भेद आणला कोरड्या काचांनी. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनचा उपाय सुचवला आणि त्या दशकाच्या अखेरीस कारखान्यात बनलेल्या काचा खोक्यांतून विकायला येऊ लागल्या. १८८८ मध्ये ईस्टमन यांचा रोलवाला कॅमेरा आला. आता फोटो घेणाऱ्याला रसायनशास्त्र येण्याची गरज उरली नाही, पण कोरा माल महिनोन् महिने सांभाळायची जबाबदारी मात्र त्याच्याकडे आली. माल यायचा विलायतेहून, बोटीने, तांबड्या समुद्राच्या उकाड्यातून. मुंबईच्या गोदीत उतरेपर्यंतच त्याचं काही आयुष्य सरलेलं असे. पुढे जिलेटिनचा दुसरा गुण आडवा येई: कोमट पाण्यात ते फुगतं, मऊ पडतं आणि काचेवरून सुटू लागतं. युरोपात नळाचं पाणी पुरत होतं, इथे धुण्याचं द्रावण गार करायला बर्फ लागे, नाहीतर तुरटीच्या जातीची रसायनं घालून थर कडक करावा लागे. इथल्या हवेचे हे त्रास इतके वेगळे होते की खास हिंदुस्थानातल्या हौशी लोकांसाठी फोटोग्राफीचं पुस्तक लिहावं लागलं. जॉर्ज ईविंग यांचं तसं पुस्तक १८९५ मध्ये कलकत्त्याहून निघालं.

बर्फ मुंबईला नवा नव्हता. १८३० च्या दशकापासून अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने येत होता आणि १८४३ मध्ये त्याच्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. पुढे बर्फ इथेच बनू लागला आणि मच्छीमारी बंदरांवर त्याचे कारखाने उभे राहिले. वसईच्या पट्ट्यात पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा या कोळीवाड्यांना बर्फाच्या लादीचं मोल सांगावं लागत नाही. नाशवंत माल बाजारापर्यंत पोचवायचा तर थंडी सोबत न्यावी लागते, हे ज्ञान इथे मासळीमुळे घराघरात होतं. फिल्म नाशवंत आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं, कारण ती सडली तरी वास येत नाही. खराबी कळते ती धुतल्यावर, म्हणजे लग्न लागून गेल्यावर.

सिनेमाच्या धंद्याला हे लवकर उमगलं, कारण तिथे पैसे मोठे होते. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं, तेव्हा कच्ची फिल्म आणि कॅमेरा दोन्ही विलायती. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. फिल्म यायची ती कडेच्या भोकांशिवाय. दादरच्या घरात रात्री अंधार करून ती भोकं पाडली जात आणि चित्रीकरणानंतर धुण्याचं कामही घरातच चाले. सरस्वतीबाई फाळके यांनी या कामात जे कष्ट उपसले त्याची नोंद आपल्या सिनेमाच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत व्हायला हवी. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात लागला. कोडॅक कंपनीनेही त्याच वर्षी मुंबईत बस्तान बसवलं. पुढची काही दशकं फोर्टातल्या हॉर्नबी रोडवरून, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावरून, आणि जवळच्या बोराबाजारातून फोटोचा माल सगळ्या पश्चिम हिंदुस्थानात जात राहिला. विरारहून मुंबईला लोकल १२ एप्रिल १८६७ पासून धावत होती. वसईकराला रोल हवा तर चर्चगेटपर्यंतचा प्रवास ठरलेला.

दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची आयात आटली. सरकारने १९४२ मध्ये चित्रपटांची लांबी अकरा हजार फुटांवर आणली आणि पुढच्या वर्षी फिल्म परवान्यावर दिली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईने तोच धडा पुन्हा गिरवायला लावला. ज्या मालाचा पुढचा हप्ता कधी येईल याची खात्री नाही तो माल लोक साठवून ठेवतात, आणि साठवायचा तर थंड जागा लागते. म्हणून आपल्याकडे फिल्म फ्रीजमध्ये ठेवण्यामागे विज्ञानाइतकीच टंचाईही होती, हे विसरून चालणार नाही. न्यूयॉर्कच्या फोटोग्राफरला कोपऱ्यावरच्या दुकानात ताजा रोल मिळे. इथे मिळालेला रोल जपावा लागे.

देशी फिल्म बनवायचं ठरलं तेव्हा जागा निवडली तीही हवा बघून. हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला तो नीलगिरीत, उटीला, समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर, जिथे हवा थंड आणि धूळ कमी. १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं आणि 'इंदू' या नावाचे कृष्णधवल रोल देशभर गेले. एका पिढीचे शाळेचे, ओळखपत्रांचे आणि एक्स-रेचे फोटो या कारखान्याच्या फिल्मवर उमटले आहेत. पण उटीच्या थंडीत जन्मलेला तो रोल शेवटी वसईच्या दुकानात काचेच्या कपाटात, मेच्या उकाड्यातच उभा राहायचा.

आणि घरात फ्रीज तरी कुठे होता? गोदरेजचा पहिला देशी फ्रीज १९५८ मध्ये बाजारात आला. त्यानंतरही कितीतरी वर्षं तो मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर राहिला. पुढे तो आला तेव्हा त्यात दूध, भाजी, मासळी यांच्या शेजारी रोलच्या डब्यांनाही जागा मिळाली. आधी पेचाच्या झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्या असत, मग काळ्या प्लास्टिकच्या आल्या. रोल संपला की त्याच डब्यांत सुपारी, टाचण्या नाहीतर कुंकू भरलं जाई.

फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांनी साठवणीचे आकडे स्पष्ट दिले होते. कोडॅकचा सिनेमाच्या कच्च्या फिल्मसाठी सल्ला असा: सहा महिन्यांपर्यंत ठेवायची तर १३ अंश किंवा कमी, त्याहून जास्त काळ ठेवायची तर उणे १८ अंश किंवा कमी. फ्रीज आणि फ्रीझर, दोघांची कामं अशी वेगळी. साध्या रोलच्या बाबतीत एक गोष्ट ग्राहकांना सहसा सांगितली जात नसे. हौशी लोकांसाठीचा रोल कारखान्यातून थोडा कोवळा पाठवला जाई, तो दुकानाच्या फळीवर काही महिने पिकेल असा हिशोब धरूनच. व्यावसायिकांचा रोल मात्र नेमका तयार झाल्यावर पाठवत आणि तो वाटेत, दुकानात, स्टुडिओत सगळीकडे थंडच राहील अशी अपेक्षा असे. जाहिरातींचं, मासिकांच्या मुखपृष्ठांचं काम करणाऱ्या मुंबईच्या स्टुडिओंत म्हणून फ्रीज ही कॅमेऱ्याइतकीच गरजेची वस्तू होती. एकाच बॅचचे रोल घ्यायचे, एक रोल चाचणीला वापरून रंग पाहायचे आणि उरलेले त्याच अवस्थेत गोठवायचे, ही पद्धत जगभरच्या व्यावसायिकांची.

वसईतला लग्नाचा फोटोवाला हौशी लोकांच्याच रोलवर काम करी, आणि त्याचं वर्ष सणांनी बांधलेलं असे. ख्रिस्ती समाजात नाताळानंतर लग्नं निघतात, उपवासकाळात थांबतात, ईस्टरनंतर पुन्हा सुरू होतात. हिंदूंच्या लग्नांची गर्दी एप्रिल-मेमध्ये. जूनमध्ये पाऊस पडला की सगळंच थंडावतं, ते गणपतीपर्यंत. मोसमासाठी घाऊक आणलेल्या रोलांतले जे मेअखेर उरतात त्यांना वर्षातले सगळ्यात वाईट चार महिने काढायचे असतात. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य. कपड्यांच्या कपाटात ठेवावं तर डांबराच्या गोळ्यांची वाफ फिल्मला बाधते. लोखंडी पेटी उन्हात तापते. राहतो तो फ्रीज, आणि तोही बिनधोक नाही.

वसई-विरारकरांना याचं कारण वेगळं सांगायला नको. २००५ च्या सुमारास मुंबई शहर भारनियमनातून वगळलेलं होतं, पण महावितरणच्या हद्दीतल्या वसई पट्ट्याला रोज काही तास विजेविना काढावे लागत. वीज गेली की फ्रीझरमधला बर्फ वितळतो, आत ओल साचते, वीज आली की तीच ओल पुन्हा गोठते. हे वरखाली होणारं तापमान आणि झिरपणारी ओल, दोन्ही फिल्मला बाधतात. जुलै २०१८ च्या पावसात वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेले तेव्हा वीज दिवस दिवस नव्हती. त्या काळात बंद फ्रीझरमध्ये जे जे होतं त्याचं काय झालं असेल ते ओळखता येतं. म्हणून रोल त्याच्या मूळ डबीत, डबी घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आणि पिशवी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह, असं तिहेरी आवरण इथे चैन ठरत नाही. बाहेर काढतानाही तीच शिस्त. ३५ मिलिमीटरचा रोल फ्रीजमधून काढला तर किमान तासभर, फ्रीझरमधून काढला तर दीड-दोन तास डबी उघडायची नाही. सिनेमाच्या हजार फुटांच्या डब्याला, ज्यात जेमतेम अकरा मिनिटांचं चित्रण मावतं, त्याहून पुष्कळ जास्त वेळ द्यावा लागतो. नऊ वाजताच्या मिस्साला लग्न असेल तर रोल पहाटेच बाहेर काढायला हवेत.

थंडीने काय साधतं याचं थक्क करणारं उदाहरण उत्तर ध्रुवाकडचं आहे. १८९७ मध्ये स्वीडनचे सॉलोमन आंद्रे दोन सोबत्यांसह फुग्यातून ध्रुवाकडे निघाले आणि नाहीसे झाले. १९३० मध्ये एका बेटावर त्यांचे अवशेष सापडले, कॅमेरा आणि फिल्मही सापडली. तेहतीस वर्षं बर्फात राहिलेल्या त्या फिल्म स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्सबर्ग यांनी धुतल्या आणि २४० पैकी ९३ चित्रं वाचवली. बर्फावर कलंडलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहणारी माणसं त्यांत स्पष्ट दिसतात. वसईच्या कौलारू घराच्या माळ्यावर तेच रोल तेहतीस पावसाळे राहिले असते तर एकही चित्र हाती लागलं नसतं.

पण थंडीलाही एका गोष्टीपुढे हात टेकावे लागतात. अवकाशातून येणारे वैश्विक किरण फ्रीजच्या दारातून, भिंतीतून आरपार जातात आणि फिल्मवर हळूहळू धुकं साचवतात. जितकी फिल्म वेगवान, म्हणजे कमी प्रकाशात चालणारी, तितका हा परिणाम मोठा. ४०० किंवा ८०० वेगाचा रोल गोठवूनही फार वर्षं राहत नाही, मंद कृष्णधवल फिल्म दशकानुदशकं टिकते. किरणोत्सार आणि फिल्म यांच्या या नात्याचा कोडॅकला १९४५ मध्ये विचित्र रीतीने प्रत्यय आला. एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके येऊ लागले. ज्युलियन वेब या शास्त्रज्ञाने शोध घेतला तेव्हा दोष वेष्टनाच्या पुठ्ठ्यात निघाला. न्यू मेक्सिकोतल्या पहिल्या अणुचाचणीची धूळ इंडियानातल्या नदीच्या पाण्यात उतरली होती आणि ते पाणी पुठ्ठ्याच्या गिरणीत वापरलं गेलं होतं.

याच गुणाचा अणुउद्योगाने उलटा उपयोग करून घेतला. आजच्या पालघर जिल्ह्यात तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, त्या काळात कामगाराच्या अंगावर किती किरणोत्सार पडला हे मोजायला देशात फिल्मचे बिल्ले वापरले जात. छातीवर लावलेली फिल्म धुवायची आणि ती किती काळवंडली ते पाहायचं. पण उष्णता आणि दमटपणाही फिल्म काळवंडवतात, तेव्हा किनाऱ्यावर असं मोजमाप चुकण्याचा धोका होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांची जागा उष्णतादीप्तीवर (थर्मोल्युमिनिसन्सवर) चालणाऱ्या बिल्ल्यांनी घेतली. लग्नाचा फोटो बिघडवणारी हवा माणसाच्या आरोग्याच्या हिशोबातही ढवळाढवळ करू शकत होती.

२००० नंतर सगळं भरभर झालं. डिजिटल कॅमेरे आले, मग फोन आले. रंगीत लॅब एकामागून एक बंद झाल्या. उटीचा कारखाना नव्वदच्या दशकातच आजारी पडला होता, तो पुन्हा उभा राहिला नाही. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम बनवणं थांबवलं तेव्हा शेवटच्या रोलांपैकी एक छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना दिला गेला. त्या ३६ चित्रांपैकी काही त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात घेतली. रोल कॅन्ससमधल्या लॅबमध्ये २०१० मध्ये धुतला गेला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस कोडाक्रोम धुण्याची जगातली शेवटची व्यावसायिक सोय बंद झाली. ज्यांच्या फ्रीझरमध्ये कोडाक्रोम अजून कोरा पडून आहे, त्यांचा माल उत्तम अवस्थेत असला तरी त्यावर रंगीत फोटो मिळवायचा नेहमीचा मार्ग उरलेला नाही. साठवण कितीही चोख असली तरी धुणारं कुणी शिल्लक आहे का, हा प्रश्न त्याहून मोठा, हे या रोलने दाखवलं.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि तिथे चित्रित झालेल्या फिल्मसाठी थंड तिजोऱ्या आहेत. तरीही जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मला लागलेल्या आगीत प्रभातसह जुन्या चित्रपटांचा अमोल ठेवा गेला. राष्ट्राच्या ठेव्याची ही गत, तर घरगुती ठेव्याची काळजी घरातल्यांनीच घ्यायला हवी. वसई-विरारच्या गेल्या पन्नास वर्षांत भातशेती, वाड्या, मिठागरं आणि बैठी घरं झपाट्याने गेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ ज्या भूमीसाठी उभी राहिली ती भूमी कशी दिसत होती, याचा पुरावा बहुतांशी अशाच रोलांवर आहे: लुगडं नेसलेल्या आज्या, केळीच्या बागा, बावखलं म्हणजे वाड्यांतली छोटी तळी, लग्नाच्या वरातीमागे दिसणारी मोकळी शेतं.

म्हणून घर बदलताना, जुना फ्रीज विकताना, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचं दुकान रिकामं करताना सापडलेले रोल कचऱ्यात टाकू नका. ३५ मिलिमीटरच्या रोलचं टोक बाहेर असेल तर तो बहुधा कोरा, आत गेलेलं असेल तर त्यावर फोटो आहेत. फोटो असलेला रोल आधी धुवून घ्या. मुंबईत रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही धुणाऱ्या लॅब अजून आहेत. कोरा असेल आणि थंडीत राहिला असेल तर तो फिल्मवर शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्या, आणि सोबत मुदतीची तारीख व तो कुठे ठेवला होता हे लिहून द्या. बाहेर राहिलेल्या रंगीत रोलला मुदत उलटल्यावर दर दहा वर्षांमागे दुप्पट प्रकाश द्यावा, असा फोटोग्राफरांचा ठोकताळा आहे; गोठवलेल्याला त्याहून कमी पुरतो.